विद्यार्थ्यांचा म्युझिक व्हिडिओ: १२० शॉट, दोन दिवस, एक कॅमेरा. जमेल का?

मात्रा_९६ (धागाकर्ता)

स्वतः रचलेल्या गाण्यावर म्युझिक व्हिडिओ करायचा आहे. नऊ जणांचा गट, सगळे विद्यार्थी. गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं, चार-चार मात्रांचं, गती मिनिटाला ९६ ठोके. हाताशी एक मिररलेस कॅमेरा, ३५ आणि ८५ मिमीच्या दोन लेन्स, तीन एलईडी लाइट, एक ब्लूटूथ स्पीकर. शूटसाठी दोन दिवस आहेत, तिसरा मिळणार नाही.

शॉटची यादी १२० वर गेली आहे. ठिकाणं तीन: सभागृहात बँड वाजवताना, एका घरात गोष्टीचा भाग, आणि संध्याकाळी मोकळं मैदान. काही शॉट स्लो मोशनमध्ये हवेत आणि त्यातही गायिका गाताना दिसायला हवी. गाण्याचं मिक्स (सगळे आवाज एकत्र जुळवलेली फाइल) जवळपास पूर्ण आहे.

दोन दिवसांत १२० शॉट होतात का? होत नसतील तर कात्री कुठे लावायची? आणि शूटच्या आधी काय काय तयार असायला हवं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पानवही

आधी शॉट आणि सेटअप वेगळे मोजा. तयार व्हिडिओत दिसतो तो तुकडा म्हणजे शॉट. कॅमेरा, लेन्स आणि लाइट एका जागी लावून जे जे घेता येतं तो सेटअप. एका सेटअपमध्ये अख्खं गाणं घेतलं तर त्यातून एडिटला पंधरा-वीस शॉट सहज निघतात. त्यामुळे १२० हा आकडा ऐकायला भयंकर वाटला तरी त्यावरून काहीच कळत नाही. सेटअप किती ते सांगा.

वेळेचा हिशोब असा. दहा तासांचा दिवस धरा. त्यातला सकाळचा एक तास सामान उतरवून मांडण्यात जातो, एक तास जेवण आणि विश्रांतीत, पाऊण तास शेवटच्या आवराआवरीत. हाती उरतात सव्वासात तास. अख्ख्या गाण्याचा एक टेक ३:४० चा, पण त्याआधीची क्लॅप (चित्र आणि आवाज जुळवायला कॅमेऱ्यासमोर वाजवायची पाटी) आणि नंतर सगळे पुन्हा जागेवर येणं धरून सहा मिनिटं. तीन टेक म्हणजे वीस मिनिटं. सेटअप बदलायला नवख्या गटाला अर्धा तास लागतो. म्हणजे एका सेटअपला ५० मिनिटं, आणि दिवसाला आठ, फार तर नऊ सेटअप. त्याच दिवशी ठिकाण बदललंत तर आवरणं, लादणं, पोचणं, पुन्हा मांडणं यात दीड ते दोन तास जातात. एका ठिकाणबदलाची किंमत दोन सेटअप.

यादी गाण्याच्या क्रमाने लिहिली असेल तर ती आता ठिकाणानुसार, मग लाइटच्या दिशेनुसार, मग कपड्यांनुसार लावा. एका बाजूचे सगळे सेटअप संपवायचे आणि मगच लाइट फिरवायचे. वाइड (सगळे दिसतील असा लांबचा शॉट) आधी, क्लोज-अप (नुसता चेहरा किंवा हात) नंतर. वाइडला सगळ्यात जास्त जागा उजळावी लागते. क्लोज-अपला तेच लाइट थोडे पुढे ओढून भागतं.

कात्री

पानवहींशी सहमत. एडिटच्या बाजूने भर घालतो.

मिनिटाला ९६ ठोके म्हणजे एक ठोका ०.६२५ सेकंदाचा आणि चार मात्रांचं आवर्तन अडीच सेकंदांचं. २२० सेकंदांत बरोबर ८८ आवर्तनं. १२० शॉट म्हणजे सरासरी १.८ सेकंदांना एक कट, आवर्तन पुरं व्हायच्या आतच चित्र बदलणार. जोरकस ध्रुवपदाला ते शोभेल, पण शांत कडव्याला नाही. तिथे दोन-तीन आवर्तनं एकच चित्र थांबू द्या. असं केलं की १२० चे ६०-७० कधी झाले ते कळणारही नाही.

यासाठी ८८ ओळींचा तक्ता करा. दर आवर्तनाला एक ओळ. रकाने: सुरुवातीची वेळ, शब्द किंवा वाद्य, चित्रात काय, ठिकाण, कपडे, कोण कोण, हातात काय वस्तू. ज्या ओळीत "चित्रात काय" रिकामं राहतं तिथे एडिटच्या वेळी गाडी अडणार, हे आज कागदावर दिसतं. मात्र गाणं क्लिकवर (कानात ठोक्याची टिकटिक ऐकत) ध्वनिमुद्रित केलेलं नसेल तर आवर्तनं समान लांबीची नसतील. तेव्हा हा भागाकार चालणार नाही, ऐकून हाताने खुणा लावाव्या लागतील.

आता खरी काळजीची गोष्ट. "मिक्स जवळपास पूर्ण" म्हणजे काय? आवाजाची पातळी, रिव्हर्ब (घुमारा) वगैरे नंतर बदललं तर फरक पडत नाही. पण लांबी, गती, सुरुवातीचा तुकडा किंवा गायकीचा टेक, यातलं काहीही शूटनंतर बदललं की ओठ जुळत नाहीत. गायिकेने नंतर एखादी ओळ पुन्हा गायली आणि शब्द नुसता थोडा जास्त ओढला, तरी क्लोज-अप हातचा गेला.

तळटीप

"जवळपास पूर्ण" वाचून माझंही धस्स झालं. +१

खर्जातला सा

प्लेबॅकची, म्हणजे सेटवर गाणं वाजवण्याची, तयारी स्वतंत्र काम आहे, ती एका माणसावर सोपवा. त्या माणसाने शूटभर दुसरं काहीही करायचं नाही.

लॉक केलेल्या (आता न बदलणाऱ्या) मिक्सची ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल घ्या. गाण्याच्या आधी चार टिकटिक जोडा, गाण्याच्याच गतीत, म्हणजे गायिकेला सम कुठे येते ते कळतं. टिकटिकीच्या आधी पाच सेकंद शांतता ठेवा. मग तीच फाइल तुकड्यांतही कापून ठेवा: कडवं एक, ध्रुवपद, कडवं दोन, मधला वाद्यांचा तुकडा, शेवट. दर तुकडा दोन आवर्तनं आधीपासून सुरू व्हावा आणि त्यालाही चार टिकटिक हव्यात. नाहीतर "दुसऱ्या कडव्यापासून लाव" म्हटल्यावर दर वेळी फोनवर बोट सरकवत जागा शोधली जाते, आणि सगळं युनिट ताटकळतं.

फाइल उपकरणातच साठवलेली असावी, इंटरनेटवरून वाजवू नका. फोन एअरप्लेन मोडवर. दुसऱ्या एका फोनमध्ये तीच फाइल तयार असू द्या. आणि ब्लूटूथ विसरा, वायर लावा. ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो आणि ओठ चुकतात.

उलटा पडदा

ब्लूटूथबद्दल थोडा असहमत. उशीर होतो हे बरोबर, पण त्याने ओठ का चुकतील? गायिका स्पीकरमधून जे ऐकते त्यावर गाते, आणि कॅमेऱ्याचा माइक तोच आवाज टिपतो. दोघांनाही सारखाच उशीर. एडिटमध्ये कॅमेऱ्यातला आवाज मूळ गाण्याशी जुळवला की प्रश्न मिटला.

खर्जातला सा

@उलटा पडदा, एकच स्पीकर असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, माझं वाक्य जास्त ढोबळ झालं. गडबड होते ती ड्रमवाल्याच्या कानात वायरचा हेडफोन आणि बाकीच्यांसमोर ब्लूटूथ स्पीकर असला की. मग बँडमधले दोघे वेगवेगळ्या वेळेवर वाजवतात आणि एकाच चौकटीत ते लपत नाही. दुसरं म्हणजे शांततेत काही स्पीकर झोपी जातात आणि जागे होताना पहिली टिक गिळतात. वायरने हे दोन्ही टळतं, म्हणून आग्रह.

अंतराचंही लक्षात असू द्या. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेवढ्या वेळात ध्वनी जेमतेम १४ मीटर जातो. मैदानात स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि गायिका २८ मीटरवर असेल तर तिला गाणं दोन फ्रेम उशिरा ऐकू येतं, कॅमेऱ्याला मात्र लगेच. लांबच्या वाइडमध्ये स्पीकर चौकटीबाहेर पण गायिकेजवळ ठेवा. कॅमेऱ्याला आवाज थोडा उशिरा आणि दबका मिळाला तरी चालतो. एडिटमध्ये तो संपूर्ण एकाच मापाने सरकवता येतो.

उजेड

स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचं तर गाणं वेगात वाजवावं लागतं. टाइमलाइन (एडिटमधला व्हिडिओ) २५ फ्रेमची असेल आणि शूट ५० वर केलं, तर चित्र अर्ध्या वेगाने दिसणार. म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने, २०० टक्क्यांवर वाजवायचं. गायिका दुप्पट वेगाने गाते, चित्र निम्म्यावर येतं, ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि केस, कपडे, धूळ मात्र तरंगतात. गुणोत्तर सोपं आहे: शूटच्या फ्रेम भागिले टाइमलाइनच्या फ्रेम. ५०/२५ ला २०० टक्के, ३०/२५ ला १२०, ६०/२४ ला २५०.

९६ चे १९२ ठोके होतात. त्या वेगात भरगच्च शब्दांची ओळ तोंडात बसत नाही. लांब स्वरांच्या ओळी निवडा आणि गायिकेला आठवडाभर आधी वेगवान फाइल सरावाला द्या. वेग वाढवताना स्वराची पट्टी तीच ठेवली तर तिला गायला सोपं जातं. सगळंच ५० वर घेऊ नका. जिथे नुसता हलका तरंग हवा तिथे ३० फ्रेम आणि १२० टक्के पुरतं.

एक सापळा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या खास स्लो मोशन मोडमध्ये ध्वनिमुद्रण होतच नाही. मग जुळवायला आवाज नसतो. त्यापेक्षा साध्या व्हिडिओ मोडमध्येच ५० फ्रेम लावा, आवाज येऊ द्या आणि वेग एडिटमध्ये कमी करा. तसं जमत नसेल तर दर टेकला चौकटीत दिसेल अशी क्लॅप वाजवाच.

लाइटची चाचणी आधी करा. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे बऱ्याच दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर पट्टे येत नाहीत. ३० फ्रेमला सवयीने १/६० लावलंत की सभागृहातल्या ट्यूबखाली चित्र लवलवतं, तिथेही १/५० च ठेवा. ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२०. स्वस्त एलईडी मंद केल्यावर वेगळ्याच वारंवारतेने लवलवतात आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते दिसत नाही. प्रत्येक लाइट १००, ५० आणि १० टक्क्यांवर ठेवून दहा-दहा सेकंद शूट करा आणि मोठ्या पडद्यावर बघा.

मात्रा_९६ (धागाकर्ता)

भरपूर मिळालं, आभार. मिक्स या आठवड्यात लॉक करतो, लांबीला हात लावणार नाही. मैदानासाठी एक शंका: ८५ ची लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागचं धूसर करायचं आहे, पण उजेडात चित्र पांढरंफटक होतं. शटर वाढवावं का?

उजेड

शटर वाढवलंत की हालचाल तुटक दिसते, विशेषतः नाचताना. २५ फ्रेमला १/५० वरच राहा आणि लेन्सपुढे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा.

किती गडद, ते असं काढा. लख्ख उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १०० ला शटर १/१०० आणि एफ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं मोठं) १६ असा ढोबळ हिशोब चालतो. तुम्हाला एफ २.८ हवं, म्हणजे १६ पासून ११, ८, ५.६, ४, २.८ असे पाच स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) उजेड वाढला. शटर १/१०० वरून १/५० आणल्याने आणखी एक. सहा स्टॉप कापायचे म्हणजे एनडी ६४, काही फिल्टरवर हाच १.८ असा लिहिलेला असतो. सूर्य कलल्यावर तीन स्टॉपचा एनडी ८ पुरेल आणि शेवटी काहीच लागणार नाही. कमीजास्त होणारा एनडी सोयीचा, पण अगदी गडद टोकाला त्यात फुलीसारखा काळा डाग उमटतो. तिथवर फिरवू नका. आणखी एक: बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉग प्रोफाइल (रंग नंतर सुधारता यावेत म्हणून फिकट चित्र देणारा मोड) लावलं की आयएसओ १०० वर येतच नाही, ८०० वगैरेच्या खाली उतरत नाही. तसं असेल तर वरच्या हिशोबात तेवढे स्टॉप वाढवा.

मावळतीचा सोनेरी उजेड तासभर मिळतो असं म्हणतात, पण त्यात दर दहा मिनिटांनी रंग बदलतो. त्या तासात दोन सेटअप धरा, तिसरा नको. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ऑटोवर असेल तर कॅमेरा तो सोनेरी रंगच धुऊन काढतो, म्हणून ५६०० केल्विनवर पक्का करा.

झांज

वाद्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

ड्रम खरे वाजवले तर प्लेबॅक कुणालाच ऐकू येत नाही. आणि हळू वाजवल्याचं नाटक कॅमेरा पकडतो. काठी वरून हवी तशी येते, पण झांज हलत नाही, खांदे सैल दिसतात. उपाय: वाजवायचं पूर्ण ताकदीने, पण आवाज मारून. स्नेअर आणि टॉम या ड्रमवर त्यांच्याच रंगाच्या पातळ फोमच्या चकत्या, पायाने वाजणाऱ्या किक ड्रममध्ये उशी, आणि छिद्रांच्या कमी आवाजाच्या झांजा मिळाल्या तर उत्तम. क्लोज-अपमध्ये मात्र चकत्या काढाव्या लागतात. तेव्हा ड्रमवाल्याच्या एका कानात प्लेबॅक द्या, कॅमेऱ्याच्या पलीकडचा कान.

गिटारची वायर ॲम्पला जोडलेली दिसली पाहिजे आणि ॲम्पचा लाल दिवा लागलेला. आवाज शून्यावर. कीबोर्डची वीजही चालू ठेवा, बंद पडदा नजरेत भरतो. वादकांनी ध्वनिमुद्रणात वाजवलेलंच वाजवायचं, बोटांच्या जागाही त्याच. गिटार शिकणारा प्रेक्षक आधी डाव्या हाताकडे बघतो.

गायिकेने नुसते ओठ हलवायचे नाहीत, मोकळ्या आवाजात गायचं. मानेच्या शिरा, पोटातून घेतलेला श्वास, वरच्या स्वराला उचललेल्या भुवया, हे सगळं खरं गायल्याशिवाय येत नाही. गाण्यात श्वास जिथे ऐकू येतो तिथे तो चेहऱ्यावरही दिसला पाहिजे, म्हणून शब्दांच्या कागदावर श्वासांच्याही खुणा करा.

उलटा पडदा

पण मग दर सेटअपला अख्खं गाणं तीनदा? दिवसभरात पंचवीस वेळा मोकळ्या गळ्याने गायचं तर दुपारपर्यंत आवाज बसेल आणि चेहराही थकेल. माझं मत: पहिला वाइड अख्ख्या गाण्याचा, बाकी सगळं तक्त्यानुसार तुकड्यांत. जे वापरणार नाही ते घ्यायचंच कशाला?

कात्री

कारण आज जे वापरणार नाही असं वाटतं तेच एडिटला हवं असतं. अख्ख्या गाण्याच्या टेकमध्ये न ठरवलेल्या गोष्टी सापडतात: दोन ओळींमधली नजर, वाद्यांच्या तुकड्यात गायिकेचं हसू. तुकड्यात प्रत्येक जण "आता माझी ओळ" म्हणून ताठ असतो.

तरी गळ्याचा मुद्दा रास्त आहे. मधला मार्ग घ्या. सादरीकरणाचे तीन मुख्य सेटअप (वाइड, गायिकेचा मिडीयम म्हणजे कमरेपर्यंतचा, गायिकेचा क्लोज-अप) अख्ख्या गाण्याचे, दोन-दोन टेक. बाकीचे तुकड्यांत. गायिकेचा क्लोज-अप सकाळी दुसऱ्या क्रमांकावर घ्या, चेहरा ताजा असताना. वादकांच्या हातांचे शॉट दुपारनंतर, तेव्हा तिला सुट्टी.

पानवही

हे मान्य. "वाइड आधी" हा माझाच नियम इथे थोडा वाकवायला हरकत नाही.

आता रेकी, म्हणजे जागेची आधी पाहणी. ज्या वेळी शूट, त्याच वेळी जागा बघा. सकाळी पाहिलेल्या खोलीत दुपारी ऊन कुठून येतं ते सकाळी कळत नाही. शूटचीच लेन्स लावून चारही बाजूंचे फोटो काढा. प्लग किती, कुठे, आणि कोणते एकाच फ्यूजवर आहेत ते लिहून घ्या. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर: २३० व्होल्टवर २००० वॉटला जवळपास ८.७ अँपिअर लागतात. तुमच्या तीन एलईडींना हा त्रास नाही, पण चहाची किटली त्याच बोर्डावर नको. गुंडाळीची एक्स्टेंशन वायर पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते, वितळतेसुद्धा. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी, ये-जा असलेल्या वाटेवरच्या वायरींवर टेप.

जागेची परवानगी लेखी घ्या: तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि दारं-दिव्यांच्या चाव्या कुणाकडे. मैदान सार्वजनिक असेल तर तिथल्या प्रशासनाचा नियम आधी विचारा, ड्रोन उडवायचा असेल तर त्याचे वेगळे. धुराचं यंत्र लावणार असाल तर इमारतीच्या जबाबदार माणसाला सांगा, धोक्याची घंटा वाजू शकते. धुराचा सेन्सर स्वतः झाकू नका. आणि त्या द्रवाने फरशी निसरडी होते, नाचणाऱ्यांना आधी सांगा.

तळटीप

अवांतर आहे, पण आवश्यक: गाणं स्वतःचं असलं तरी गीतकार, संगीतकार, गायिका आणि वादक या सगळ्यांची लेखी संमती ठेवा. दिसणाऱ्या प्रत्येकाचीही, आणि अल्पवयीन मुलं असतील तर पालकांची. पुढे कुणी दुसऱ्याचं गाणं घेणार असेल तर शब्द-चालीचे हक्क एक आणि त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क दुसरे, दोन्ही बघावे लागतात. विद्यार्थ्यांचं काम आहे म्हणून आपोआप सूट मिळते असं धरून चालू नका.

चौकटीबाहेर

उभे छोटे तुकडेही टाकायचे आहेत का? ३८४०×२१६० च्या चौकटीतून उभी चौकट कापली तर फक्त १२१५×२१६० उरते, म्हणजे रुंदीचा एक तृतीयांशही नाही. पूर्ण बँड त्यात मावणार नाही, गायिकेचा मिडीयम मावेल. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चिकटपट्टीने दोन उभ्या रेघा आखा आणि वाइडमध्ये गायिका त्या रेघांच्या आत ठेवा. उलट सिनेमासारखी रुंद चौकट हवी असेल तर २.३९ ला (रुंदी उंचीच्या २.३९ पट) उंची साधारण १६०७ उरते. डोक्यावर तेवढी मोकळी जागा शूटच्या वेळीच सोडावी लागते. दोन्ही एकदम मागू नका. काहीतरी एक नक्की करा.

कात्री

ओठ जुळले की नाही, ते नुसतं बघून ठरवू नका. प, फ, ब, भ, म ही अक्षरं शोधा. यांना ओठ मिटावेच लागतात. "मन" म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि सुटतात त्या फ्रेमला "न" कडे जाणारा स्वर सुरू होतो. "पाऊस"मध्ये तर ओठ उघडायची फ्रेम आणि ध्वनिलहरीतला पहिला उंच काटा जवळपास एकाच जागी येतात. फ्रेम-फ्रेम पुढे जाऊन हा काटा जुळवा, मागची-पुढची अख्खी ओळ आपोआप बसते. एका टेकमध्ये सुरुवातीला एक आणि शेवटी एक असे दोन शब्द तपासा. सुरुवातीला जुळतं आणि शेवटी सरकतं, असं झालं तर फ्रेमदरात घोळ आहे. फोनवर शूट केलेल्या तुकड्यांत हे नेहमी दिसतं. फोनचा साधा कॅमेरा उजेडानुसार फ्रेमदर कमीजास्त करतो. दुसरा कॅमेरा म्हणून फोन वापरणार असाल तर स्थिर फ्रेमदर, एक्स्पोजर आणि फोकस पक्के करता येतील असं ॲप घ्या.

ओठ्य अक्षरांची यादी शूटच्या आधीही उपयोगाची. त्या ओळींना क्लोज-अप द्या, जुळलेले ओठ तिथेच सुखावतात. जिथे क, त, न, र असेच शब्द आहेत तिथे बाजूचा चेहरा किंवा वाइड चालतो, दोन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी जाणवत नाही.

झांज

ओठ्य वर्णांचं हे शाळेच्या व्याकरणानंतर पहिल्यांदा कामाला आलं! वाचनखूण साठवली.

उजेड

कार्ड आणि बॅटरीचं कुणी लिहिलं नाही. १०० मेगाबिटने शूट केलंत तर मिनिटाला ७५० मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. दोन दिवसांत साडेतीन-पावणेचार तास चित्रण होईल, म्हणजे १६५ गिगाबाइट धरा. १२८ ची दोन कार्डं हवीत आणि दोन वेगळ्या ड्राइव्ह. कार्ड भरलं की दोन्ही ड्राइव्हवर प्रत, प्रतीतले काही टेक उघडून बघायचे, तोवर कार्डाला हात नाही. भरलेलं कार्ड उलटं किंवा लाल पट्टीच्या डबीत ठेवा, रिकामं हिरव्या. एका बॅटरीवर ४के चित्रण तास-सव्वा तास धरा, चार बॅटऱ्या घ्या. उन्हात कॅमेरा तापून बंद पडतो, म्हणून टेकच्या मध्ये त्यावर छत्री धरा.

कात्री

मूळ प्रश्नाकडे येतो. शूटच्या आधीच्या आठवड्यात एक संध्याकाळ काढा आणि तालमीच्या खोलीत अख्खा व्हिडिओ फोनवर घ्या. साधे कपडे, घराच्या जागी खुर्च्या, मैदानाच्या जागी भिंत. चाल, हालचाल आणि चौकट मात्र ठरलेलीच. ते तुकडे लॉक केलेल्या गाण्यावर ८८ ओळींच्या तक्त्याप्रमाणे लावा. दोन तासांत कळेल की १२० पैकी कोणते शॉट एकमेकांची नक्कल आहेत, कुठे गायिका चाळीस सेकंद दिसतच नाही, आणि कुठल्या शॉटला जी हालचाल ठरवली ती अडीच सेकंदांत पुरीच होत नाही. "दार उघडते, आत येते, दिवा लावते, पत्र बघते" हे यादीत एका ओळीत मावतं, पण पडद्यावर दहा सेकंद खातं, म्हणजे चार आवर्तनं. कात्री कुठे लावायची ते हा कच्चा व्हिडिओ सांगेल.

मात्रा_९६ (धागाकर्ता)

सगळं वाचून नवा आराखडा मांडतो. चुकत असेल तर सांगा.

पहिला दिवस फक्त सभागृह. अख्ख्या गाण्याचे तीन सेटअप, दोन-दोन टेक. मग तुकड्यांतले तीन: ड्रम, गिटार आणि कीबोर्ड. सहा सेटअपना पाच तास. त्यानंतर दीड तास हातांचे, पेडलचे, वायरींचे बारीक शॉट. सव्वासातमधला पाऊण तास हाताशी राखून.

दुसरा दिवस घर आणि मैदान. घरात गाणं म्हणायचं नाही, म्हणून ४० मिनिटांचा एक असे सहा सेटअप, चार तास. दीड तासात मैदान. मावळतीला दोन सेटअप, दोन्ही ५० फ्रेमवर, फक्त ध्रुवपद, २०० टक्क्यांच्या फाइलवर. एकूण १४ सेटअप, एडिटला अंदाजे ७० शॉट. सगळ्यांना सकाळी ७ ला बोलावतो.

पानवही

आराखडा बसतो. दोन दुरुस्त्या.

सगळ्यांना ७ ला नको. लाइट, कॅमेरा आणि प्लेबॅक ७ ला. ड्रमवाला साडेसातला, त्याची मांडणी वेळ खाते. गायिका आणि बाकीचे ८ ला. कॉल शीटवर (त्या दिवसाच्या वेळापत्रकाच्या कागदावर) प्रत्येकाची वेळ वेगळी लिहा, सोबत पत्ता, सूर्यास्ताची वेळ, जवळचा दवाखाना आणि दोन फोन नंबर.

दुसऱ्या दिवसाची वेळ उलटी मोजा. सूर्यास्तापासून मागे या: दोन सेटअपचा एक तास, त्याआधी मैदानावरच्या मांडणीसह दीड तास, त्याआधी घराचे चार तास, विश्रांतीचा एक, मांडणीचा एक. म्हणजे सूर्यास्ताच्या साडेआठ तास आधी घरात पोचायचं. सूर्यास्त ६:३० चा असेल तर सकाळी १० ला. घरातला सहावा सेटअप यादीत शेवटी आणि वगळला तरी गोष्ट कळेल असा ठेवा. उशीर झाला तर तोच सोडायचा, मैदान नाही.

खर्जातला सा

मैदानात वीज नसणार. स्पीकर आदल्या रात्री पूर्ण चार्ज, आणि २०० टक्क्यांची फाइल दोन्ही फोनमध्ये आहे ना ते घर सोडण्यापूर्वी वाजवून बघा.